पडवीतल्या दोन वाफा

१

सकाळी सात वाजता मी गावाचा रेडिओ सुरू करते. आधी तापमान आणि वारा, मग विमान येणार की नाही, मग निरोप. कुणाचा डावा हातमोजा दुकानापाशी सापडला, कुणाच्या स्नोमोबिलचा पट्टा तुटलाय आणि कुणाकडे जुना पडून असेल तर हवा आहे. अकरा वाजता दुसरी बाई येते. मग मी घरी जाऊन दिवसाचं वहीत उतरवते. अशा वह्या एकतीस झाल्या. शाळा मी सातवीत सोडली. लिहायला कुणी सांगितलं नाही आणि लिहिलेलं कुणी वाचत नाही, पण अमुक वर्षी नदीवरचा बर्फ कधी फुटला यावर दोघांचं भांडण लागलं की दोघेही माझ्या दारात येतात.

पुढचं सगळं त्याच वहीतून घेतलं आहे. आकडे मी घड्याळात बघून लिहिलेले आहेत. बाकीच्याची खात्री मला तेव्हा नव्हती, अजूनही नाही.

त्या फेब्रुवारीत माझ्या दिवसात एका गोष्टीची भर पडली होती. सव्वा अकराला माइनाच्या पडवीत जायचं.

माइना माझी आत्या, वय चौऱ्याहत्तर. मात्र मी तिला आत्या म्हणत नाही. तिची आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात मी जन्मले आणि तिचंच नाव मला ठेवलं, सिकुलियाक. आमच्यात नाव आलं की नातंही मागोमाग येतं. त्यामुळे माइना मला आई म्हणते आणि मी तिला पोरी म्हणते. तिचा मुलगा पुतुलिक माझ्याहून आठच वर्षांनी लहान. तो दुकानात ओरडून सांगतो, माझ्या आजीला पुढे जाऊ द्या, तिला उभं राहवत नाही.

माइनाच्या डाव्या फुफ्फुसात काहीतरी निघालं होतं. सव्वीस तारखेला, शुक्रवारी, विमानाने दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात नेऊन ते कापायचं होतं. त्यानंतर गळा राहील का, हे नर्सने सांगितलं नाही आणि माइनाने विचारलं नाही. तिने मला बोलावून घेतलं.

तिच्याकडे एक गाणं होतं. बर्फाखालून वाहणाऱ्या नदीचं. ते तिच्या आईचं, म्हणजे नावाने माझंच. पण मला ते येत नव्हतं, आणि माइना सोडून दुसऱ्या कुणालाही येत नव्हतं.

२

आमच्या उत्तरेकडच्या बायका हा खेळ गळ्याने खेळतात. कताज्जाक म्हणतात त्याला. दोघींनी समोरासमोर यायचं, एकमेकींचे दंड धरायचे. एकीने आवाज काढायचा आणि ती श्वास घेते त्या फटीत दुसरीने आपला आवाज बसवायचा. पहिली पुढे, दुसरी अर्धा ठेका मागे. जिचा दम सुटला किंवा जिला हसू फुटलं ती हरली. मग दोघीही हसतात. हसल्याशिवाय कुणी उठत नाही.

माइनाच्या घरात नियम थोडा कडक होता. हे गाणं शिकून मिळत नाही, जिंकून घ्यावं लागतं. आधी हवा तेवढा सराव करायचा, पण खरा डाव एकच. त्यात देणारीला हसवलं की गाणं तुझं. तू हसलीस तर गाणं तिच्याकडे परत, आणि पुढच्या वर्षी हंस येईपर्यंत पुन्हा मागायचं नाही.

मी म्हटलं, "आणि तुझा दम सुटला तर?"

"म्हातारीला दमाने हरवलंस ते मोजायचं नाही. हसवून हरव. जमलं तर."

हे जमणं कठीण होतं. एरवी माइना कशालाही हसायची. कुत्रा शिंकला तरी हसायची. मात्र डावात बसली की तिचा चेहरा दगडाचा.

आम्ही पडवीत बसायचो, कारण आत टीव्ही चालू असतो आणि हीटरच्या हवेने घसा सुकतो. पडवी म्हणजे घराच्या दाराला जोडलेली लाकडी खोली. तापवलेली नसते. तिथे कोट, बूट, जाळी आणि गोठलेलं मांस ठेवतात. डाव्या हाताला हातभर खिडकी. आम्ही दोन खोकी उलटी टाकून त्यांवर बसायचो. तिला खोकला असल्यामुळे तोंडं अगदी जवळ न आणता हातभर अंतर ठेवायचो.

सोमवार, पंधरा तारीख, उणे एकवीस. सराव. माइना चौदा सेकंद टिकली.

मंगळवार, उणे तेवीस. बारा सेकंद. मग खोकली आणि म्हणाली की मी गळ्याने नाही, नाकाने गाते आहे, आणि नदी वाहते, तिला सर्दी होत नाही.

बुधवारी ती बसल्याबरोबर म्हणाली, "आई, आज खरा डाव."

३

माझी चूक बुधवारी झाली.

नऊ सेकंद झाली होती. मला ठेका सापडला होता. इतका, की माझा आवाज मी काढत नसून तिच्या फटीतून तो आपणच निघतो आहे, असं वाटत होतं. तेवढ्यात आतलं दार उघडून पुतुलिकने डोकं बाहेर काढलं.

"आजी, रेडिओच्या खोलीतल्या बिंगोच्या कपाटाची चावी तुझ्या खिशात आहे. बिंगो अडलंय. सगळं गाव घरोघरी रेडिओसमोर पत्ते मांडून बसलंय आणि तुझ्या नावाने शिव्या देतंय."

माझ्या गावात चर्चला उशीर झाला तर चालतो, बिंगोला नाही. मी माइनाचे दंड सोडले, उठले आणि चावी घेऊन धावत गेले. दोन मिनिटांचं काम होतं. तिथे पोचल्यावर त्यांचं यंत्र बिघडलं आणि वीस मिनिटं गेली.

परत आले तेव्हा माइना होती तशीच बसली होती. हातही तसेच, समोर, कुणाचे तरी दंड धरल्यासारखे. मला बघून तिने ते खाली घेतले.

"हसलं का कुणी?" तिने विचारलं.

मी म्हटलं की नाही, पण उद्या पुढे चालवू.

ती म्हणाली, पूर्वी तंबूत डाव चालू असताना शिकारी परत आले तर बायका आधी हसायच्या आणि मग उठायच्या. का, ते तिने कधी आईला विचारलं नव्हतं. एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. मी ती आई, पण मलाही ठाऊक नव्हतं.

वहीत मी लिहिलं आहे: खरा डाव. नऊ सेकंद. अपुरा.

४

गुरुवारी एकतीस सेकंद.

मी घड्याळ कोटाच्या बाहीवरून बांधते, म्हणजे खेळताना नजरेत राहतं. एकतिसाव्या सेकंदाला माइनानेच माझे दंड सोडले आणि उद्या म्हणाली. दम लागलेला नव्हता, खोकलाही नाही. मला आनंद झाला. विश्रांतीने बरं वाटत असेल, असं मी लिहिलं.

शुक्रवारी एक मिनिट पन्नास सेकंद. पुन्हा तिनेच सोडलं, हसत-खिदळत नाही, अगदी शांतपणे, जसं कुणी विणकाम बाजूला ठेवतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. समोरची आवाज काढते तेव्हा तिचा श्वास तुमच्या तोंडावर येतो. ती श्वास आत घेते तेव्हा येत नाही. इतकं सरळ आहे ते. पण माइनाची छाती वर जायची, म्हणजे ती श्वास घ्यायची, आणि नेमकी तेव्हा माझ्या डाव्या गालावर हवा यायची. कोमट, माणसाच्या तोंडातून येते तशी.

बाहेरचं दार बसत नसेल, असं वाटून मी दाराच्या कडेने बोट फिरवलं. दाराचं तोंड दक्षिणेला आणि वारा आठवडाभर वायव्येचा. शिवाय दारातून येणारी हवा उणे चोवीस अंशांची असती. कोमट नसती.

शनिवारी मी हंसाचं एक पीस दोऱ्याला बांधून छताच्या खिळ्याला टांगलं. ते आमच्या दोघींच्या मधोमध, तोंडाच्या उंचीवर लोंबत होतं. माइनाने ते बघितलं आणि काही विचारलं नाही. आठवड्यापूर्वी तिने त्या पिसावरून माझी तासभर टर उडवली असती.

आम्ही गप्प बसलो की पीस स्थिर. मी आवाज काढला की तिच्याकडे. तिने आवाज काढला की माझ्याकडे. आणि तिने श्वास घेतला की तेव्हाही माझ्याकडे, थोडं तिरकं, खिडकीच्या बाजूने ढकलल्यासारखं. मी बावीस वेळा मोजलं. बावीसही वेळा.

चार मिनिटं दहा सेकंद.

मला भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सोमवार कधी येतो असं झालं होतं.

५

रविवारी आम्ही खेळत नाही. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कुणाचं तरी कुत्रं आत शिरलं आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा हातमोजा तोंडात धरून मधल्या वाटेने अगदी सावकाश, पाहुण्यासारखं, बाहेर गेलं. प्रार्थना सांगणाऱ्याचा आवाज फाटला. मग सगळंच चर्च फुटलं. बाया ओल्या डोळ्यांनी एकमेकींवर पडत होत्या.

मी माइनाकडे बघितलं. ती कुत्र्याकडे बघत होती. चेहरा दगडाचा. डावात असतो तसा.

६

सोमवारी सहा मिनिटं. मंगळवारी अकरा.

अकरा मिनिटं कुणीही टिकत नाही. माइना तरुण असताना तीन मिनिटं टिकली होती आणि ती गोष्ट अजून सांगतात. मला मात्र दम लागत नव्हता. तिला तर नाहीच. नदी पायाखाली वाहावी तसं चाललं होतं. गाणं मला आता जवळजवळ येत होतं. शेवटचं एक वळण राहिलं होतं, पाणी दगडाला वळसा घालतं ते. ते ती रोज थोडं थोडं पुढे आणायची आणि त्याच्या अलीकडे हात सोडायची.

मंगळवारी मी निघाले तेव्हा पुतुलिक बाहेर स्नोमोबिलपाशी उभा होता. हातात पाना होता, पण काम काही चाललेलं नव्हतं.

"आजी, ती विमानात बसायचं नाही म्हणते. बरी झाले म्हणते."

मी विचारलं, नर्स काय म्हणाली. तो सकाळीच तिला दवाखान्यात घेऊन गेला होता.

"छाती स्वच्छ वाजते म्हणाली. मग तिने नळी तीनदा फिरवून लावली. मग दुसरी नळी आणली." त्याने पाना खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. "म्हणाली, छाती वर येते आणि आवाज जरा मागून येतो. थंडीने नळी कडक होते, त्यामुळे असेल म्हणाली."

"किती मागून?"

"मला काय माहीत किती? मागून." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती जेवत नाही. ताट समोर ठेवलं की बघत बसते. आणि हसत नाही. काल मी मुद्दाम तिच्यासमोर घसरून पडलो. खरंच लागलं मला. ती म्हणाली, ऊठ."

मी घरी आले आणि वह्या उघडल्या. शेवटचं ती कधी हसली ते शोधत मागे मागे गेले. मंगळवार, सोळा तारीख. नदीला सर्दी होत नाही, तेव्हा.

बुधवारी डाव अपुरा राहिला. तेव्हापासून तो चालूच आहे. आम्ही सव्वा अकराला बसतो आणि उद्या म्हणून उठतो एवढंच. ती मात्र उठलीच नाही. ती जेवणाच्या टेबलापाशी, चर्चमध्ये, नर्सच्या खुर्चीत, सगळीकडे त्या खोक्यावरच बसलेली आहे. आणि डावात हसायचं नसतं.

हे मी लिहिलं आणि खोडलं. मग पुन्हा लिहिलं, कारण खोडलेलं वहीत वाईट दिसत होतं.

७

बुधवार, चोवीस. उणे चौतीस, वारा पडलेला. असा दिवस हवाच होता. उणे चौतिसात तोंडातून निघालेली वाफ लगेच विरत नाही, क्षणभर पांढरी लोंबते. मी घराच्या दाराखाली पोतं कोंबलं, म्हणजे आतली ऊब बाहेर येऊ नये. उजेड खिडकीतून तिरका येत होता आणि त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं.

आज तीन वाफा दिसतील, असं मला वाटलं होतं. एक माझी, एक माइनाची आणि एक ती, जी मी पिसावरून मोजली होती. तीन दिसल्या तर काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. फक्त बघायचं होतं.

आम्ही सुरू केलं. ती पुढे, मी मागे. मी वाफा मोजल्या.

दोन.

मला हायसं वाटलं. इतकं, की माझा ठेका चुकता चुकता राहिला. दोन बायका, दोन वाफा. पीस, नर्सची नळी, गाल, सगळं माझ्याच डोक्यातलं. मी पुन्हा मोजल्या, सवयीने. दोनच होत्या. एक माझ्या तोंडासमोर फुटत होती.

दुसरी माइनाच्या तोंडासमोर नव्हती. तिच्या उजव्या गालापासून वीतभर बाजूला, खिडकीच्या अंगाला, हवेतून निघत होती. ठेक्यावर. आवाजाबरोबर. थोडी खालून, जणू कुणी तिच्या शेजारी तिसऱ्या, ठेंगण्या खोक्यावर बसलं आहे आणि मान वर करून गातं आहे.

माइनाचे ओठ हलत होते. छाती वर खाली होत होती. तोंडासमोरची हवा रिकामी होती. तिच्या कोटाच्या कॉलरला वाफेने बर्फाचे कण चिकटतात, माझ्या कॉलरला चिकटले होते. तिची कॉलर कोरडी होती.

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. मी खोकं थोडं सरकवलं, म्हणजे उजेडाची बाजू बदलेल. मी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. वाफ होती तिथेच राहिली.

सतरा मिनिटं. मग माझे दंड सुटले.

मी म्हटलं, "पोरी, दमलीस का?"

"नाही, सिकुलियाक," ती म्हणाली.

त्रेपन्न वर्षांत तिने मला माझ्या नावाने हाक मारलेली नव्हती.

मी विचार केला की असेल तिची आई. म्हातारीला आपल्या लेकीचा दम सुटलेला बघवला नसेल. पण मग मी कोण? तिची आई तर समोरच्या खोक्यावर बसली होती, घड्याळ बांधून.

८

गुरुवारी मी रेडिओवर तापमान दोनदा चुकीचं सांगितलं. लोकांनी फोन करून विचारलं, प्रेमात पडलीस का या वयात.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. काहीच केलं नाही, तर माइना उद्या विमानात बसणार नाही, आणि तिच्यात जो श्वास चालला आहे तो जोवर चालेल तोवर चालेल. तिला हसवलं, तर ती मोकळी आणि गाणं माझं. मी हसले, तर ती मोकळी, पण गाणं तिच्याबरोबर जाणार. तिथून ती परतली तर पुढच्या वर्षी, हंस आल्यावर. नाही परतली, तर ही नदी पुन्हा कुणाच्याच गळ्यातून वाहणार नाही.

मी दुसरी वाट धरून गेले. एवढा लोभ माझ्यात होता, तो लिहायला हवा.

खेळताना बोलता येत नाही, पण तोंडं करता येतात. मी पाद्रीबुवांसारखे गाल ओढले. डोळे तिरळे केले. पुतुलिक घसरून पडल्यावर कसा दिसत असेल ते केलं. माइना माझ्याकडे बघत होती आणि बघत नव्हती. वाफ तिच्या बाजूला फुटत राहिली. नवव्या मिनिटाला शेवटचं वळण जवळ आलं. पाणी दगडापाशी आलं, या वेळी मागे फिरलं नाही, आणि वळलं. मी ते घेतलं. मला ते आलं. पूर्ण गाणं माझ्या गळ्यात होतं. आता फक्त तिने हसायचं होतं.

ती हसणार नाही, हे मला तिथेच कळलं. तिच्याकडे हसायला श्वासच नव्हता.

मग मी स्वतः हसून बघितलं. हा हा केलं, नाटकात करतात तसं. ठेका थांबला नाही. माझ्या खोट्या हसण्याच्या फटीतसुद्धा आवाज नेमका येऊन बसला. खिडकीच्या बाजूचा तो आवाज आता पुढे होता आणि मी मागे. मला वाटलं, मीही आता थांबू शकत नाही. माझ्या हाताची बोटं तिच्या दंडावर होती आणि ती मला जाणवत नव्हती.

तेवढ्यात माइनाचं पोट वाजलं.

आठ दिवस धड न जेवलेल्या बाईचं पोट. लांब, खोल, वर चढत जाणारं, शेवटी प्रश्न विचारल्यासारखं. आणि ते ठेक्यात बसलं. नेमकं फटीत. माझ्याहून चांगलं.

माइनाचा चेहरा दगडच होता. पण त्या दगडाच्या आत, खाली, खरीखुरी माझी पोर होती आणि तिला भूक लागली होती.

हसू माझ्या बरगड्यांपाशी आलं. मी ते गिळू शकले असते. हसू गिळण्यात माझी गावात ख्याती आहे, चर्चमध्येही मी सगळ्यांत शेवटी हसले होते. एक क्षण मी ते धरून ठेवलं, गाणं त्याच्या वर, तोंडात, पूर्ण. मग सोडलं.

मी हसले. डोळ्यांतून पाणी आलं आणि पापण्यांवर गोठलं. आवाज थांबला.

गोठलेल्या पापण्यांतून मला खिडकीजवळची वाफ दिसली. ती एकसंध राहिली नव्हती. तिचे छोटे छोटे तुकडे होत होते, एकामागून एक, भराभर, कुणी तोंड दाबून हसतं तसे. आवाज काहीच नव्हता. माझं हसणं थांबल्यावरही ते थोडा वेळ चाललं.

मग माइना पुढे वाकली आणि तिने श्वास घेतला. शिट्टी वाजल्यासारखा, फाटका, चिखलातून बूट काढावा तसा. ती खोकली. तिच्या स्वतःच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि माझ्या मांडीवर सांडली.

"हरलीस, आई," ती म्हणाली. आणि लगेच, "घरात मासा आहे का?"

९

शुक्रवार, सव्वीस. उणे एकोणीस, विमान वेळेवर.

सकाळपासून मी ते गाणं आठवून बघत होते. सुरुवात आठवत नाही, वळण आठवत नाही. नदीचं होतं एवढं आठवतं.

माइना धावपट्टीपर्यंतच्या पन्नास पावलांत चारदा थांबली. कुणाला धापा टाकताना ऐकून मला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. पुतुलिक तिची बॅग घेऊन मागे होता. त्याला रात्रीपासून बोलायला तोंड फुटलं होतं. तो म्हणत होता की तिने अख्खा मासा खाल्ला आणि डोकं चोखताना त्यालाच नावं ठेवली, आता डॉक्टरांनी तिला लवकर परत पाठवावं, नाहीतर त्यांचंच काही खरं नाही.

विमानाच्या शिडीपाशी माइना मला बिलगली. नाकाने माझा गाल हुंगला, लेकरू आईचा हुंगतं तसा.

पुतुलिक म्हणाला, "मग अखेर आजीला हरवलंसच. एवढ्या म्हाताऱ्या बाईला हरवताना लाज नाही वाटली?"

माइना हसली. हसताना खोकली, मग कठड्याला धरून श्वास जमवला.

"हरली ती," ती म्हणाली. एक पायरी चढली, थांबली. "मी नाही जिंकले."

"मग कोण जिंकलं? दोघीच तर होतात."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चार पायऱ्या राहिल्या होत्या, त्या ती एकेक करून चढली. आतून कुणीतरी तिचा हात धरला.

विमान ढगात गेल्यावर आम्ही पुतुलिकच्या गाडीत बसलो. त्याने इंजिन चालू केलं आणि बराच वेळ गाडी हलवली नाही.

आमच्या खेळात हरणारी उठून जाते. जिंकणारी जागेवरच बसून राहते, समोर पुढची येईपर्यंत. हे लहान पोरींनाही माहीत असतं आणि पुतुलिकलाही माहीत होतं.

त्याने गाडी घराकडे नेली नाही, दुकानाकडे वळवली. मी गाडीतच थांबले. काचेतून मला तो दिसत होता. तो गल्ल्यापाशी उभा राहून दोन बोटांनी माप दाखवत दुकानदाराला विचारत होता की पडवीच्या दाराला ठोकायला एवढे लांब खिळे आहेत का.